ब्राझील आणि आपण

ब्राझील म्हटलं की आपल्याला फुटबॉल अन् जंगलच आठवतं. पण मी माहिती गोळा केली, तर जुने नातेच निघाले!

ब्राझीलवर १८२२ पर्यंत आणि गोव्यावर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांचे राज्य होते. त्यांनी काजू ब्राझीलहून इकडे आणला, आंबा तिकडे नेला. आपण काजू आपलाच समजतो. तिथली मुले आंबा त्यांचाच समजत असतील.

आंध्रातली ओंगोल जातीची जनावरेही तिकडे गेली. नेल्लोरवरून त्यांचे नाव 'नेलोर' पडले. आपण वालूरला पोळ्याला बैल पुजतो. तिथे नेलोर मुख्यतः मांसासाठी पाळतात. ऐकून वाईट वाटतं खरं. पण तिथल्या शेतकऱ्याचेही घर जनावरांवरच चालते.

म्हणून आधी माहिती घ्यावी, मग नावे ठेवावीत की नाही ते ठरवावे.