उत्तेजक औषधे, नैराश्यावरील औषधे आणि निरोगी माणूस

मनावर परिणाम करणारी सारी औषधे एकाच जातीची, असा समज बराच रूढ आहे. ‘उत्साहाची गोळी’ या एका नावाखाली उत्तेजक औषधे आणि नैराश्यावरील औषधे यांची सर्रास गल्लत होते. निरोगी माणसावरील परिणाम पाहिला म्हणजे दोहोंतील अंतर ध्यानी येते.

अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक प्रथम १८८७ साली तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकन सैनिकांना ते, तर जर्मन सैनिकांना त्याच कुळातील मेथॅम्फेटामिन दिले जाई. हे सैनिक आजारी नव्हते. त्यांना जागे ठेवावयाचे होते. अशा औषधाने साधारण तासाभरात मेंदूतील डोपामिन व नॉरअ‍ॅड्रेनलिन यांचा प्रभाव वाढतो. झोप व भूक उडते, नाडी जलद होते, हुरूप वाटतो. अंमल उतरताच थकवा परततो आणि पुन्हा गोळी हवीशी वाटते. व्यसनाचे मूळ येथेच आहे.

नैराश्यावरील औषधांची गोष्ट निराळी. स्वित्झर्लंडमधील डॉ. रोलांड कून यांनी १९५७ साली इमिप्रामिनचा गुण प्रसिद्ध केला. गंभीर नैराश्याच्या रुग्णास काही आठवड्यांनी उभारी देणारे हे औषध निरोगी माणसास आनंद देत नाही. त्याला पेंग येते, तोंडाला कोरड पडते. १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले फ्लुऑक्सेटिन त्या मानाने सुसह्य. तथापि तेही निरोगी मनास हुरूप देत नाही. मळमळ वा झोपमोड मात्र होऊ शकते. ताप नसताना तापाची गोळी घेऊन अंग गार पडत नाही, तसाच हा प्रकार.

मग उत्तेजकांनी बुद्धी तरी तल्लख होते काय? मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० निरोगी तरुणांना मिथाइलफेनिडेटसारखी उत्तेजके व औषधविरहित गोळी आळीपाळीने देऊन, ठराविक वजनाच्या पिशवीत अधिकाधिक मोलाच्या वस्तू बसविण्याची कोडी घातली. उत्तेजकांच्या अमलाखाली त्यांनी वेळ अधिक दिला, खटपटही अधिक केली. परंतु त्या खटपटीचा दर्जा घसरला. एरवी सरस ठरणारेच पुष्कळदा मागे पडले! परीक्षेच्या दिवसांत अशा गोळ्यांची वाट धरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिक्षकांनी हा निष्कर्ष अवश्य लक्षात घ्यावा.

अवधान टिकत नसलेल्या मुलांना मिथाइलफेनिडेटचा वैद्यकीय देखरेखीखाली उपयोग होतो, हेही खरे. भारतात ते १९८५ च्या अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखाली येते. नैराश्याच्या रुग्णाने मात्र ‘निरोग्याला उपयोग नाही’ एवढे ऐकून आपले औषध मध्येच सोडू नये. ते थांबवावयाचे झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू मात्रा कमी करीत थांबवावे लागते.