डोंगरमाथ्यावरचे यंत्र आणि विजेचा हिशेब

समजा, गडहिंग्लजजवळच्या सामानगडासारख्या एखाद्या उंच माथ्यावर, आसपासच्या वाड्यांना इंटरनेट पुरविणारे एक लहान बिनतारी यंत्र बसवावयाचे आहे. तेथे विजेची तार नाही. आहे ते फक्त ऊन. सौर तक्त्यांनी दिवसा घटमाला भारित करावयाची आणि तिच्यावर यंत्र चोवीस तास चालवावयाचे. यंत्राला 20 वॅट शक्ती लागते असे धरू. मग दिवसाची ऊर्जा 20 × 24 = 480 वॅट-तास झाली.

पुष्कळ ठिकाणी घटमालेला इन्व्हर्टर जोडतात. तो 12 व्होल्टच्या दिष्ट प्रवाहापासून 230 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह तयार करतो. त्यात यंत्राचा अडॅप्टर खोचला, की तो पुन्हा 12 व्होल्टचा दिष्ट प्रवाह देतो! घागरीतले पाणी रांजणात आणि रांजणातले परत घागरीत ओतण्यासारखेच हे झाले. दर खेपेला थोडे सांडणारच. इन्व्हर्टरची कार्यक्षमता 85 टक्के व अडॅप्टरची 80 टक्के धरली, तर एकूण कार्यक्षमता 0.85 × 0.80 = 0.68. म्हणजे घटमालेतून रोज 480 ÷ 0.68 = सुमारे 706 वॅट-तास काढावे लागतील. त्यांतील 226 वॅट-तासांची नुसती उष्णता होते.

मग यंत्र घटमालेलाच का जोडू नये? कारण तिचा दाब स्थिर नसतो. तो सुमारे 11 ते 14 व्होल्टच्या दरम्यान बदलतो. म्हणून मध्ये दाब स्थिर राखणारा दिष्ट-दिष्ट परिवर्तक घालतात. त्याची कार्यक्षमता 95 टक्के असल्यास रोज 505 वॅट-तास पुरतात.

हा फरक आषाढात कळतो. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक गावांची वीज गेली होती. अशाच वेळी निरोप पोचणे जरुरीचे असते. तीन दिवस ऊन पडले नाही, तर परिवर्तकाच्या योजनेला 1,515 वॅट-तासांचा साठा पुरेल. तेवढ्याच साठ्यावर इन्व्हर्टरची योजना दोन दिवस व सुमारे साडेतीन तासांत बंद पडेल.

आता तारेचा विचार करू. तारेतील ऱ्हास प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध एवढा असतो. 20 वॅटसाठी 12 व्होल्टला 1.67 अँपिअर, तर 48 व्होल्टला 0.42 अँपिअर प्रवाह लागतो. तारेचा रोध 1 ओहम असेल, तर ऱ्हास अनुक्रमे सुमारे 2.8 आणि 0.17 वॅट होईल. दाब चौपट केला, की ऱ्हास सोळावा हिस्सा! दूरध्वनी केंद्रांत 48 व्होल्टच्या घटमाला रूढ झाल्या, त्यामागे हेही एक कारण आहे.

काटकसरीचे एक उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. सी-डॉट या भारतीय संस्थेने बनविलेले ग्रामीण स्वयंचलित दूरध्वनी केंद्र 1986 साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे बसविण्यात आले. त्याला वातानुकूलन लागत नसे. यंत्र कमी वीज खाते तेव्हा तापतेही कमी, आणि त्याला थंड ठेवण्याची वीजही वाचते.

तुमच्या घरातील राउटरच्या अडॅप्टरवर निर्गमाचे व्होल्ट व अँपिअर छापलेले असतात. अडॅप्टर न उघडता ते वाचा, त्यांचा गुणाकार करा व 24 ने गुणा. राउटरला दिवसाला जास्तीत जास्त किती ऊर्जा लागू शकेल, हे तुम्हांला कळेल. मग वरील दोन्ही योजनांनी तीन दिवसांचा साठा काढून पाहा.