रात्री साडेअकराचा मेसेज : बाप, पोरगा आणि दुकानाची वेळ

व्हिडिओत ही गोष्ट दोन मिनिटांत उरकली होती. ती नीट सांगायला हवी, म्हणून आज लिहितोय.

निफाडकडचं एक इलेक्ट्रिकल आणि मोटार-पंपाचं दुकान. वडील साठीच्या पुढचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मुलगा अडतिशीचा. वर्कशॉप संपल्यावर दोघं माझ्याकडे आले आणि माझ्यासमोरच भांडायला लागले. अण्णांचं म्हणणं, "हा चोवीस तास फोनमध्ये असतो, पण गिऱ्हाइकासमोर नसतो." मुलाचं म्हणणं, "सर, रिप्लाय नाही दिला तर गिऱ्हाईक पाच मिनिटांत दुसरीकडे जातं. अण्णांच्या वेळचं एक ते चार शटर डाऊन आता चालत नाही."

मुलगा चूक नाही हं. पुण्यातल्या चितळे बंधूंनीसुद्धा २०१७ मध्ये दुपारची सुट्टी बंद केली. गिऱ्हाइकाचं घड्याळ बदललंय, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

भांडणाचं मूळ होतं एक कोटेशन. एका कंत्राटदाराने रात्री साडेअकराला मेसेज टाकला, दीडच्या वायरचे वीस बंडल, काय रेट? मुलाने अंथरुणातूनच रेट पाठवला. तांब्याचा भाव वाढला होता आणि कंपनीचे नवीन रेट त्याच दुपारी आले होते. अण्णांनी ते वहीत उतरवलेही होते. मुलाच्या फोनमध्ये मात्र जुन्या यादीचा फोटो. बंडलमागे १४० रुपये कमी लागले. वीस बंडल, म्हणजे २,८०० रुपये. शब्द दिला म्हणून माल त्याच भावात द्यावा लागला.

आता नीट बघा. अण्णांची माहिती वहीत होती, मुलाची फोनमध्ये, आणि दोघांचं दिवसभरात बोलणंच झालं नव्हतं. यात आळशी कोणीच नाही.

मी अण्णांना विचारलं, "काका, तुमच्या वेळी रात्री कोणी यायचंच नाही का?" ते हसले. म्हणाले, "यायचे की. पाण्याची पाळी असली की रात्री बारालाही दार वाजायचं. स्टार्टर जळाला, द्या काढून." म्हणजे अण्णाही कधी पूर्ण सुट्टीवर नव्हते! फरक एवढाच, की दार वाजवायला माणसाला संकोच वाटायचा. खरी अडचण असेल तरच तो यायचा. मेसेज टाकायला कसला संकोच? सुचलं की टाकला. त्यामुळे रात्रीची खरी गरज आणि सहज विचारलेला रेट फोनवर एकसारखेच दिसतात. टिंग वाजतं तेही सारखंच.

त्याच दुकानात तिसरी पिढीही होती. काउंटरवरचा बावीस वर्षांचा पोरगा. हुशार, रिवाइंडिंगही शिकत होता. दुकानाच्या ग्रुपवर सुट्टीच्या दिवशी कामं यायला लागली आणि एके दिवशी त्याने ग्रुपच सोडला. महिन्याभराने नोकरीही सोडली. मालक म्हणतो, "रील बघायला वेळ आहे, माझा मेसेज बघायला नाही." अहो, रील त्याच्या वेळेतलं आहे! तो तुमच्याइतकाच ऑनलाइन असतो, पण कामासाठी नाही. अण्णा घरच्या दारात काम करायचे, मुलगा अंथरुणात करतो, आणि हा पोरगा सहानंतर करतच नाही. मला विचाराल तर तिघांत त्याचा हिशेब सगळ्यात सरळ आहे. पगार ठरला तेव्हा रविवार ठरला नव्हता.

फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना याबद्दल कामगारांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. पण छोट्या दुकानदाराला असा कायदा काय कामाचा? तुम्हीच मालक, तुम्हीच नोकर. तक्रार कोणाकडे करणार?

म्हणून मी त्यांना एकच गृहपाठ दिला, तुम्हालाही देतोय. सात दिवस, रात्री नऊनंतर येणारा प्रत्येक मेसेज वहीत लिहायचा. कोणाचा, काय हवं होतं, आणि सकाळी उत्तर दिलं असतं तर काय बिघडलं असतं? तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा, बाकीचे दोन सोपे आहेत.

त्यांच्या वहीत बहुतेक ओळींपुढे "काही नाही" असं आलं. ज्यांचं खरोखर अडलं होतं ते शेतकरी होते. थ्री फेज लाइट रात्रीची आणि मोटार बंद. आणि गंमत म्हणजे त्यांनी मेसेज केलाच नव्हता, थेट फोन केला होता.

मग पुढचं सोपं झालं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये दुकानाची वेळ भरली आणि वेळेबाहेर आपोआप जाणारा मेसेज लावला : "दुकान सकाळी ९ ला उघडेल. रेट १० पर्यंत कळवतो. मोटार किंवा स्टार्टर बंद पडला असेल तर फोन करा." फोनचं इंटरनेट बंद असेल तर हा मेसेज जात नाही, तेव्हा डेटा बंद करून झोपू नका, नुसता आवाज बंद करा. कॉलची रिंग मात्र चालू ठेवा. सकाळी दहाचा शब्द पाळायचाच, नाहीतर या सगळ्याला अर्थ नाही. आणि सकाळी नऊला दोघांनी वही आणि फोन शेजारी ठेवून रेट जुळवायचे. हे अण्णांनी सुचवलं, मी नाही.

ग्रुपसाठी नियम ठरला : दुकान बंद झाल्यावर त्यावर काम टाकायचं नाही.

परवा मुलाचा फोन आला. नवीन पोरगा कामावर लागलाय, रात्री शांतता आहे. पण अण्णांना आता व्हॉइस मेसेज पाठवता यायला लागलाय. ते पाचला उठतात. साडेपाचला ग्रुपवर दिवसभराची कामं बोलून मोकळे होतात, तीन-तीन मिनिटांची. "त्यांना कोण सांगणार, सर?" मुलगा विचारत होता. मी म्हटलं, नंबर दे, मीच बोलतो.