मेल शेवटी कोण उघडेल, सांगता येत नाही

अगं, एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून मात्र पैसे गेले, म्हणून बँकेला मेल करणार आहेस ना? कर, पण नीट कर. बँकेत तक्रारींच्या टेबलावर बसून मी असे मेल ढिगानं वाचलेत, म्हणून हक्कानं सांगते.

तू ज्या साहेबांना लिहितेस ते तुझं काम स्वतः करत नाहीत, मेल पुढे पाठवतात. एटीएम दुसऱ्या बँकेचं असेल तर तिकडे विचारणा होते. मधेच कुणाची बदली होते. ज्याच्याकडे काम शेवटी येतं, त्याला तू कोण, फोनवर काय बोललीस, काहीच ठाऊक नसतं. म्हणून मेल असा लिही, की तेवढा एकच वाचला तरी सगळं कळावं. ‘काल बोलल्याप्रमाणे’ लिहून भागत नाही. कोणत्या तारखेला, कुणाशी, काय बोलणं झालं ते लिही.

विषयाच्या ओळीत नुसतं ‘तक्रार’ किंवा ‘अर्जंट’ नको. आमच्या वेळी पत्रात ‘विषय’ आणि त्याखाली ‘संदर्भ’ असायचा. संदर्भाची ओळ तुम्ही मुलांनी सोडून दिलीत, ते मला मुळीच पटत नाही. तक्रार क्रमांक मिळाला की तो तिथे टाकायचा आणि पुढचं सगळं लिहिणं त्याच मेलच्या उत्तरात करायचं.

आता मजकूर. मागणी आधी, हकिगत नंतर. हे बघ:

‘विषय: एटीएममधून रोख न मिळता ५,००० रुपये वजा, १२ जून, रक्कम परत मिळण्याबाबत.
महोदय, वरील रक्कम माझ्या खात्यात जमा करावी आणि नियमाप्रमाणे विलंबाची भरपाई द्यावी. १२ जूनला सायंकाळी ६.४० वाजता स्टेशन रोडवरील एटीएममध्ये पैसे काढताना रोख आली नाही, खात्यातून मात्र रक्कम वजा झाली. खात्याचे शेवटचे चार अंक ४३२१. एसएमएसचा फोटो जोडला आहे.’

खाली नाव आणि मोबाइल नंबर. बस. रांगेत किती वेळ उभी राहिलीस, किती मनस्ताप झाला, हे खरं असलं तरी त्यात तारीख आणि रक्कम हरवून जाते.

‘नियमाप्रमाणे’ हा शब्द मी उगाच घातलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत यायला हवी. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. नियम माहीत असलेल्या माणसाचा मेल सहसा बाजूला पडत नाही.

मेलमध्ये पिन, ओटीपी, कार्डाचा पूर्ण नंबर कधीही लिहायचा नाही, कुणी मागितला तरी. बँकेचा मेल पत्ता तिच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घे. सीसीमध्ये दहा साहेब घालू नकोस, मग प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. आणि पाठवायचा पत्ता सगळ्यात शेवटी भर, फोटो जोडलाय हे पाहून झाल्यावर, म्हणजे अर्धवट मेल हातून सुटत नाही.

पोहोच आली की ती जपून ठेव, तुझा पाठवलेला मेलही पुसू नकोस. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे हाच मेल. चौकशीसाठी १४४४८ नंबर आहे. लोकपालाकडे तक्रार करायला एक रुपयाही लागत नाही.