मालवणच्या पाण्यात रोलचा कॅमेरा

प्रश्न : मालवणला स्नॉर्केलिंग करताना रोलच्या कॅमेऱ्याने मासे टिपता येतील का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : येतील. मात्र खानदेशातलं पोहणं विहिरीतलं नाहीतर तापीतलं. समुद्रात लाइफ जॅकेट हवंच.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ सालचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. पण पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषतं, म्हणून चार-पाच मीटरखाली सगळं निळं-हिरवं. त्यात गढूळपणा. तेव्हा ४०० किंवा ८०० आयएसओचा रोल, डोक्यावरचं ऊन आणि मासा मीटरभर अंतरावर, एवढं जमवावं.

पाण्याखाली चालणाऱ्या निकोनॉस या रोलच्या कॅमेऱ्यांचं उत्पादन २००१मध्ये थांबलं. जुना घेतल्यास ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, तपासावी. एक केस अडकला तरी पाणी आत शिरतं. नवख्याला २७ फोटोंचा वॉटरप्रूफ डिस्पोजेबल कॅमेरा पुरे.

पावसाळ्यात तिथलं स्नॉर्केलिंग बंद असतं, ऑक्टोबरनंतरच निघा.