पहिला ड्रोन लहानच हवा

चि. बाळास काकाचे अनेक आशीर्वाद.

नवशिक्याने पहिला एफपीव्ही, म्हणजे गॉगलमधून पाहत उडवायचा, ड्रोन लहानच घ्यावा. सात इंची पंख्यांच्या, लांब पल्ल्याच्या ड्रोनचे सुटे भाग मागवायचे आणि पहिले उड्डाण इंदूरजवळच्या पातालपाणीच्या धबधब्यावर करायचे, असा बेत वहिनींच्या फोनवरून कळला. बेत हट्टाचा आहे. तो रद्द व्हावा. काळजी एकच : गॉगल चढवला की उडवणाऱ्याला फक्त कॅमेऱ्यापुढचे दिसते, खाली कोण उभे आहे ते दिसत नाही.

लहान ड्रोन म्हणजे 65 मिलिमीटरचा व्हूप. बॅटरीसह वजन साधारण 30 ग्रॅम, बॅटरी एका सेलची, पंख्यांभोवती प्लास्टिकची कडी. तीन-चार मिनिटांत बॅटरी उतरते. भिंतीवर आपटला तरी बहुधा उचलून पुन्हा उडवता येतो. पंखा मोडलाच तर जुना ओढून काढायचा, नवा दाबून बसवायचा. नवशिक्याला जड जातो तो अॅक्रो मोड. त्यात स्टिक मध्यावर आणली तरी ड्रोन आपोआप सरळ होत नाही. तिरपा असेल तर तिरपाच राहतो. हा हात आधी सिम्युलेटरवर, मग घरात खुर्च्यांच्या पायांमधून व्हूप नेताना बसतो.

सात इंचीचे गणित वेगळे. कार्बन फायबरचा सांगाडा, उघडे पंखे, सहा सेलची बॅटरी. वजन किलोच्या घरात. ताशी 90 किलोमीटरने जाणाऱ्या एक किलोच्या ड्रोनमध्ये 300 ज्यूलहून अधिक ऊर्जा असते. ताशी 36 किलोमीटरने जाणाऱ्या व्हूपमध्ये जेमतेम दीड. हा दोनशे पटींचा फरक खालच्या माणसाच्या डोक्यावर येतो. पावसाळ्यात पातालपाणीला गर्दी असते, आणि ड्रोन दरीत उतरला की कड्याआड सिग्नल तुटू शकतो. जीपीएस रेस्क्यू त्याला माघारी वळवते, पण वाटेतले झाड किंवा तार तिला कळत नाही. खालची माणसेही कळत नाहीत.

2021 च्या ड्रोन नियमांनुसार दोन किलोपर्यंतचा ड्रोन छंदासाठी उडवायला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मात्र छंदाचे उड्डाण नजरेच्या टप्प्यातच अपेक्षित आहे, म्हणजे लांब पल्ल्याचा उपयोगच उरत नाही. शिवाय इंदूरच्या विमानतळाच्या हद्दीपासून 5 ते 8 किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच परवानगी लागते. 8 ते 12 मध्ये 200 फुटांवर गेल्यास. घराबाहेर उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा.

व्हूपवरचा खर्च वाया जात नाही. एक्स्प्रेसएलआरएस या नियंत्रण-पद्धतीचा रेडिओ पुढे सात इंचीवरही चालतो. व्हिडिओची पद्धत तीच ठेवली तर गॉगलही.

काकाच्या तरुणपणी बाल्सा लाकडाच्या विमानांचे वेड होते, शिकवणारे कोणी नव्हते. पहिलेच मोठे विमान मोडले आणि छंदही सुटला; ती हळहळ अजून आहे. या घरातला दुसरा छंद तसा सुटू नये, एवढ्यासाठीच हे रागावणे. सात इंचीही यावा, पण हात बसल्यावर.

गॉगल लावणाऱ्याशेजारी उघड्या डोळ्यांनी ड्रोनवर आणि माणसांवर नजर ठेवणारा एकजण लागतोच. व्हूपचे पैसे काका देईल, आणि मैदानावर शेजारी उभाही तोच राहील. तोवर ऑर्डर थांबवावी.