पोटातल्या जंतूच्याही जाती असतात



उसाची जात निवडताना आपण रोगाचा विचार करतोच. को ७४० ला काणी लवकर लागायची, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. अलीकडे उत्तर प्रदेशात को ०२३८ ही नावाजलेली जात लाल कुजेच्या बुरशीच्या नव्या कुळीपुढे टिकली नाही. रोग तोच, पण कुळी बदलली की नुकसान बदलते. माणसाच्या पोटातही असेच आहे.

"पित्त झालंय" म्हणून आपण सोडा घेतो आणि तिखटाला दोष देतो. तिखटाने जळजळ वाढते. पण पुष्कळशा अल्सरचे मूळ हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूत असते. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे वॉरन व मार्शल यांनी १९८२ साली तो शोधला. त्याबद्दल २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जठरातल्या आम्लात हा जंतू जगतो कसा? उत्तर आपल्या शेतातच आहे. जमिनीत युरियाचा अमोनिया करणारे युरिएज या जंतूजवळही असते. जठरात थोडा युरिया असतोच. त्याचा अमोनिया करून जंतू आपल्याभोवतीचे आम्ल मारतो.

लागण पुष्कळांना असते, अल्सर थोड्यांनाच होतो. त्याचे एक कारण जंतूची कुळी. काही कुळींत 'कॅग-ए' नावाचे जनुक असते. असा जंतू सुई टोचावी तसे एक प्रथिन जठराच्या पेशीत सोडतो. मग सूज, अल्सर आणि कर्करोगाचा धोका वाढतो. जपान-कोरियाकडच्या कॅग-एची घडण अधिक घातक आहे. आपल्याकडे कॅग-ए असलेल्या कुळी पुष्कळ, तरी जठराचा कर्करोग त्यामानाने कमी. म्हणजे बियाण्याबरोबर जमीनही बघावी लागते: माणसाची प्रकृती, आहार, तंबाखू, सगळेच.

आपण काय करायचे?

१) लागण बहुधा लहानपणी, घरातल्या घरात होते, दूषित पाण्याचाही संशय आहे. पाण्यातून काय होते, हे इचलकरंजीने २०१२ च्या काविळीच्या साथीत पाहिले आहे. तो रोग वेगळा, पण धडा एकच. पाणी उकळून प्यावे, हात धुवावेत.

२) अंगदुखीच्या गोळ्या मनाने खाऊ नयेत. त्यांनीही अल्सर होतो.

३) डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी झाल्यास तोडणी चालू असली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. विनाकारण वजन घटत असेल तरी तपासणी लांबवू नये.

४) डॉक्टरांनी प्रतिजैविके दिल्यास पूर्ण घ्यावीत. बरे वाटले म्हणून मध्येच सोडली, तर अर्ध्या मात्रेच्या फवारणीसारखे होते: जंतू निर्ढावतो.

उसाइतकीच देहाचीही निगा राखावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी